कानातला आवाज आणि ‘माझंच चुकलं’ची टोचणी

कानात सतत शिटी, रातकिडे किंवा गुणगुण ऐकू येते म्हणून माणूस डॉक्टरांकडे जातो, तेव्हा डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून?’ रात्री दिवा मालवल्यावर तोच माणूस स्वतःला विचारतो, ‘मी हे का करून घेतलं?’ कानात काही न घालता गणपतीआधी दोन महिने ताशाचा सराव केला म्हणून. दिवसभर इअरफोन लावून मीटिंगा केल्या म्हणून. भावाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचलो म्हणून. त्यात घरचं कुणीतरी भर घालतं, ‘तरी मी सांगत होते, ते कानात बोळे घालून बसू नकोस.’ आवाजाचा त्रास एक, आणि तो आपणच ओढवून घेतल्याची टोचणी दुसरी. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार?

या लेखात बोलायचं आहे ते या टोचणीबद्दल. ती आवाज विसरू देत नाही, आणि ती ज्या हिशोबावर उभी असते तो हिशोब बहुतेक वेळा कच्चा असतो.

आधी आवाजाचं पाहू. बाहेर काही वाजत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं म्हणजे टिनिटस. आपण साधं ‘कान वाजतात’ म्हणतो. जगभरच्या पाहण्यांची एकत्र छाननी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार साधारण १४ टक्के प्रौढांना, म्हणजे दर सात जणांत एकाला, हा अनुभव असतो. ज्यांना तो फार जाचतो असे मात्र २ टक्क्यांच्या आसपास.

वाटेल की या २ टक्क्यांचा आवाज मोठा असणार आणि बाकीच्यांचा हळू. मोजून पाहिलं तर तसं दिसत नाही. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, हेडफोनमधून आवाज सोडतात, तो हळूहळू वाढवत नेतात आणि ‘तुमच्या कानातल्याइतका झाला की सांगा’ म्हणतात. जेमतेम ऐकू येईल अशा पातळीच्या वर पाच-दहा डेसिबलमध्येच बहुतेकांचा आवाज जुळतो. झोप उडालेल्याचा तेवढाच, आणि ‘हो, वाजतो कधीकधी’ म्हणत निवांत चहा पिणाऱ्याचाही बहुधा तेवढाच.

मग फरक पडतो कशाने? मेंदू त्या आवाजाचा काय अर्थ लावतो याने. पावेल जॅस्ट्रेबॉफ या संशोधकाने १९९०च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विचाराचा गाभा हाच आहे. ऐकण्याच्या यंत्रणेत उमटलेला फिकट संकेत भीती आणि भावना हाताळणाऱ्या यंत्रणेशी जोडला गेला, की त्याचा त्रास होतो. तसा जोडला गेला नाही, तर काही काळाने मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. ‘हा ट्यूमर तर नाही ना’ ही भीती अशी जोडणी करते, ‘आता कधीच झोप लागणार नाही’ ही भीतीही करते. ‘हा माझ्या मूर्खपणाचा आवाज आहे’ हा विचार तेच काम करतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो आजाराचा भाग वाटतच नाही. तो आपल्याला खरा वाटतो.

हा आवाज येतो कुठून? आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाज टिपून त्याचा संकेत मज्जातंतूकडे पाठवणं हे त्यांचं काम. पक्ष्यांच्या केसपेशी गेल्या तर पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. मोठा आवाज, वय, काही औषधं यांच्यामुळे त्या मरतात, किंवा त्यांचा मज्जातंतूशी असलेला सांधा निकामी होतो. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली बोस्टनमध्ये उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी असे कितीतरी सांधे कायमचे गेलेले असू शकतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं ऐकून घरी आलेल्या काहींचं कोडं इथे सुटत असावं.

कानाकडून येणारा संकेत असा कमी पडला, की मेंदू तो वाढवून घेऊ बघतो. अंधारात मोबाइलने फोटो काढला तर कॅमेरा मिळेल तेवढा प्रकाश ताणून वाढवतो आणि फोटोभर दाणे उमटतात. टिनिटसचा आवाज बऱ्याच अंशी असे दाणे आहेत. दोन प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्क्यांनी काही ना काही आवाज लिहिले. २०१२ सालच्या दुसऱ्या प्रयोगात १८ निरोगी स्वयंसेवकांनी आठवडाभर एका कानात बोळा ठेवला. त्यांच्यातल्या १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. या माणसांनी कानांची कसलीही हेळसांड केलेली नव्हती. आवाज कमी मिळाला आणि मेंदूने भरपाई केली, एवढंच घडलं होतं.

आता हिशोबाकडे वळू. ‘मी अमुक केलं म्हणून कान वाजायला लागले’ या वाक्यात एक कारण आणि एक परिणाम आहे. प्रत्यक्षात कारणांची गर्दी असते. वय, आनुवंशिकता, कानातला मळ, मधल्या कानातलं हाड घट्ट होणं, आतल्या कानाचा मेनिएर नावाचा विकार, जबड्याचा सांधा, मानेचे स्नायू, रक्तदाब, भरपूर मात्रेतली ॲस्पिरिन, कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन. एकाच पथकात शेजारी-शेजारी दहा वर्षं वाजवलेल्या दोघांपैकी एकाचे कान वाजतात, दुसऱ्याचे नाही. स्वीडनमध्ये जुळ्यांवर झालेल्या अभ्यासातही दोन्ही कानांच्या टिनिटसमध्ये आनुवंशिकतेचा वाटा लक्षणीय निघाला. आपले कान किती सोसतील हे आपल्या हातात नसतं आणि आधी कळतही नाही.

औषधांचं उदाहरण तर मला फार अन्यायाचं वाटतं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर अगदी अलीकडेपर्यंत कानामायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागत. मुंबईत अशा रुग्णांची संख्या मोठी आहे. या औषधांनी कानाच्या केसपेशी मरतात, आणि मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) जनुकांत एक ठरावीक बदल असलेल्यांना तर थोडक्या मात्रेतही जबर इजा होते. आता तोंडी घ्यायच्या गोळ्यांच्या उपचारांमुळे हे कमी झालं आहे. पण तेव्हा इंजेक्शनं घेऊन वाचलेला माणूस आज कान वाजतात म्हणून म्हणतो, ‘मी जरा चौकशी करायला हवी होती.’ ज्या इंजेक्शनांनी जीव वाचवला, त्यांच्याबद्दल तो स्वतःला बोल लावतो!

इचलकरंजीत किंवा मालेगावात यंत्रमागावर वीस वर्षं काढलेला कामगार म्हणतो, ‘कानात कापूस घालायला पाहिजे होता.’ मुळात कापसाने आवाज फारसा अडत नाही. आणि कामाच्या जागी आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आहे. ती पाळणं, कानाला संरक्षण देणं, कान तपासून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. पण मालकाच्या वाट्याचा दोषही कामगार मुकाट्याने आपल्या खात्यावर लिहून घेतो.

पथकातल्या मुलाचं काय? अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा ठोकताळा असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करत जायची. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतली मंडळी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात, तिथे काही वर्षी सरासरीच शंभरच्या वर गेली आहे. ताशाच्या ओळीत उभ्या असलेल्याचा दिवसाचा वाटा पहिल्या पाव तासातच संपतो. पण नदीपात्रात सरावाला उतरताना हे गणित त्याला कुणी सांगितलं होतं? ढोलाचं पान कसं ताणायचं हे शिकवतात, टिपरू कसं धरायचं हे शिकवतात. कानांचा विषय सहसा निघत नाही.

‘पण मला कळायला हवं होतं’ असं वाटतंच. याचाही अभ्यास झालेला आहे. १९७५ साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. शेवट सांगितलेल्यांना तोच शेवट होणं जास्त शक्य वाटलं. ‘शेवट ठाऊक नाही असं समजून उत्तर द्या’ म्हटलं, तरी त्यांना ते जमलं नाही. एकदा कळलेली गोष्ट मनातून बाजूला काढता येत नाही. कान वाजायला लागल्यानंतर मागे वळून पाहिलं, की वरातीतली ती रात्र धोक्याची पाटी लावल्यासारखी दिसते. त्या रात्री तिथे पाटी नव्हती. तिथे भाऊ नवरदेव होता आणि सगळे नाचत होते.

असंही होतं, की कुणीतरी सांगितलेलं असतं. आईने सांगितलं होतं, फोननेही आवाज मोठा असल्याची सूचना दाखवली होती. अशा माणसाला ‘तुझा काहीच दोष नाही’ म्हणणारे लोक फार उपयोगाचे नसतात असं माझं मत आहे. त्याला ते खोटं वाटतं, आणि मग खऱ्या दिलाशावरचाही विश्वास उडतो.

या बाबतीत रॉनी जॅनॉफ-बुलमन यांचं काम कामाला येतं. १९७७ साली त्यांनी आणि कॅमिल वॉर्टमन यांनी अपघातात लुळ्या पडलेल्या २९ जणांशी बोलून पाहिलं. अपेक्षेच्या उलट, ज्यांनी अपघाताचं खापर स्वतःवर फोडलं होतं ते परिस्थितीला बरे सामोरे जात होते. जे दुसऱ्याला दोष देत होते, आणि ज्यांना ‘हे टाळता आलं असतं’ असं वाटत राहिलं होतं, त्यांची अवस्था वाईट होती. पुढे १९७९ साली जॅनॉफ-बुलमन यांनी स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक कृतीचा: ‘मी आवाज मोठा ठेवला.’ दुसरा स्वभावाचा: ‘मी आहेच तसा, बेफिकीर, कुणाचं न ऐकणारा.’ नैराश्याशी नातं दिसलं ते या दुसऱ्या प्रकाराचं. पहिल्या प्रकारात पुढचं पाऊल दडलेलं असतं, आवाज कमी ठेवता येतो. दुसऱ्यात करण्यासारखं काहीच उरत नाही.

कान वाजण्याचं कारणच सापडत नाही असेही खूप जण असतात, आणि तेही दोष शोधून काढतात. ताण घेतला म्हणून, जागरण केलं म्हणून, लस घेतली म्हणून, घेतली नाही म्हणून, शेवटी मागच्या जन्मीचे भोग म्हणून. हे वेडेपणाचं नाही. ‘माझ्यामुळे झालं’ हे दुखतं, पण ‘असंच झालं’ हे त्याहून भीतीदायक असतं, कारण मग उद्या काहीही होऊ शकतं. दोष घेतला की निदान सूत्रं आपल्या हातात असल्यासारखं वाटतं. त्याची किंमत मात्र मोठी असते. बीथोव्हनने जून १८०१मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, लिहिलं की कान रात्रंदिवस गुणगुणतात, आणि लोकांना आपण बहिरे आहोत हे सांगता येत नाही म्हणून सुमारे दोन वर्षं त्याने लोकांत मिसळणं टाळलं आहे. त्याच्या बहिरेपणाचं कारण आजही पक्कं ठरलेलं नाही. त्याने काही केलं होतं म्हणून ते झालं असं कुणी म्हणत नव्हतं. लाज तरीही वाटतच होती.

या टोचणीचं करायचं काय? मानसोपचारातली एक साधी रीत घरीही करून बघता येते. कागदावर कान वाजण्याला हातभार लावू शकलेल्या सगळ्या गोष्टी लिहायच्या: शरीराची ठेवण, लहानपणचे कानाचे आजार, घेतलेली औषधं, वय, कामाची जागा, पथकाच्या आणि मंडळाच्या पद्धती, स्पीकरवाला, शहराची रहदारी, माहिती न देणारी शाळा. प्रत्येकीला शंभरातला अंदाजे वाटा द्यायचा. आपला स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. क्रम महत्त्वाचा आहे. स्वतःपासून सुरुवात केली तर आपण शंभर लिहून मोकळे होतो. शेवटी लिहिलं, तर जे उरतं ते बहुतेकदा पंधरा-वीसच्या घरात असतं. हे आकडे शास्त्रीय नाहीत, हे उघड आहे. पण ‘शंभर टक्के मीच’ हाही शास्त्रीय आकडा नव्हता.

उरलेला पंधरा-वीसचा वाटा नाकारू नये. तो कृती म्हणून मांडावा, तारखेसकट: ‘२०१८ ते २०२२ या काळात मी इअरफोनचा आवाज मोठा ठेवायचो. तेव्हा मला याचा परिणाम माहीत नव्हता. आता ठेवत नाही.’ वाक्य इथे संपतं. ‘कारण मी मूर्ख आहे’ हे शेपूट लागलं, की ते ओळखून खोडायचं. रात्री दोन वाजता शेपूट परत येईल, तेव्हा परत खोडायचं. जवळच्या मित्राच्या बाबतीत हेच घडलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं, हा प्रश्न अशा वेळी उपयोगी पडतो. त्याला आपण एवढं टाकून बोललो नसतो.

टोचणीचं आणखी एक रूप असतं: प्रायश्चित्त. माणूस गाणं ऐकणं सोडतो, लग्नकार्याला जात नाही, दिवसभर इअरप्लग घालून शांत खोलीत बसतो. आपण शहाणपणाने वागतोय असं वाटतं, पण शांततेत आवाज जास्त जाणवतो आणि कान हळवे होतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी दोन आठवडे इअरप्लग वापरले, तेव्हा साधे आवाजही त्यांना मोठे वाटायला लागले. त्याउलट ज्यांनी कानाशी हळू सळसळीचा आवाज चालू ठेवला, त्यांची सोशिकता वाढली. इअरप्लग मोठ्या आवाजाच्या ठिकाणी घालावेत. घरी रात्री पंखा चालू असू द्यावा, नाहीतर पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग हळू लावावं, कानातला आवाज पूर्ण बुडणार नाही इतपत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांना कान वाजण्यातही आराम पडतो.

दुसरं प्रायश्चित्त पैशांचं. ‘निदान आता तरी काही करतोय’ म्हणून माणूस थेंब, तेलं आणि गोळ्या घेत सुटतो. टिनिटस हमखास बंद करणारं औषध आजवर सापडलेलं नाही. जिंको या झाडाचा अर्क, झिंक, मेलाटोनिन यांची या त्रासासाठी शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्ट सांगितलं आहे. सर्वात चांगला आधार आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीला, म्हणजे सीबीटीला. त्रास वाढवणारे विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणारा हा मानसोपचार आहे. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी करते. तिच्या २०२०च्या आढाव्यात २८ अभ्यासांतले दोन हजार सातशेहून जास्त लोक होते. सीबीटीने आवाजाचा आयुष्यावरचा भार कमी होतो, असं त्यातून दिसलं. आवाज स्वतः कमी होतो असा या उपचाराचा दावा नाही. मराठीत सीबीटी करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक मोठ्या शहरांत मिळतात. कानांच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. आणि टोचणी वाढत जाऊन ‘यापेक्षा नको हे जगणं’ असे विचार येत असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

काही लक्षणांत वाट बघू नये. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा, कारण स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत जास्त होतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा चक्कर येणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं असं काही सोबत असेल, तरी लवकर दाखवावं. हे वाचून ज्यांना ‘मी तर महिन्याने गेलो होतो’ अशी नवी टोचणी लागेल त्यांच्यासाठी: लगेच उपचार घेतलेल्या सगळ्यांचं ऐकणं परत येत नाही, आणि उपचार न घेतलेल्या काहींचं आपोआप येतं. तुमच्या बाबतीत काय झालं असतं हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येणार नाही.

घरच्यांनी एवढं करावं, की ‘तरी सांगत होते’ हे वाक्य गिळावं. ते खरं असेल, तरीही. त्याऐवजी ‘आज कसा आहे आवाज?’ हेही रोज विचारू नये, कारण विचारलं की माणूस आत कान लावून बघतो. ‘चल, फिरून येऊ’ म्हणावं.

पथकातली मुलं शेवटी विचारतात, ‘मग परत वाजवायचं की नाही?’ ऐकण्याची तपासणी झाली असेल आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल, तर वाजवता येतं. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, कानाच्या मापाने बनवूनही घेता येतात. ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात, त्यामुळे ठेका ऐकू येत राहतो. कापूस चालणार नाही. सरावात मधून-मधून ओळीतून बाहेर पडून दूर उभं राहावं, ताशाच्या तोंडासमोरची जागा टाळावी. सरावानंतर कान दुसऱ्या दिवसापर्यंत जास्त वाजत राहिले, तर पुढचे काही दिवस ध्वज धरावा आणि वाद्याला हात लावू नये. आणि पथकप्रमुखाला सांगावं, की नव्या मुलांना टिपरू देताना सोबत इअरप्लगची जोडीही द्या.